उठून जाता येते का?

आमचा कोलू सरपंच झाला तेव्हा मला हसूच आवरेना. बारा वर्षं जंगलात नक्षल दलमचा कमांडर, मग शरणागती, मग दहा वर्षं धानाच्या बांध्यांत राबणं, आणि आता ग्रामपंचायतीची खुर्ची! मीही त्याच दलममधली, आमचं लग्नही तिथलंच. म्हणून घरात मी त्याला अजून कमांडर म्हणूनच चिडवते.

पहिल्याच ग्रामसभेत नाल्यावरच्या पुलाचा ठराव घ्यायचा होता. शंभर माणसं हवीत, नाहीतर सभा होत नाही. दवंडी दिली, आली तेवीस. कोलू घरी आला तो तोंड पाडून.

"आंधी एक निरोप धाडला का अख्खं गाव हजर राहे, रंभा."

"तवा भेत होते. आता येत नाई, म्हंजे भेत नाई. खूश हो ना, कमांडर!"

खूश कसला होतो! पण दुसऱ्या दिवसापासून हात जोडून घरोघर फिरू लागला. म्हातारी गुणाबाई म्हणाली, "येईन. पण मधातून उठून जाता येते का? तू जंगलात होता तवा पोरगं तापानं फणफणत होतं, न तुह्या मिटींगीतून मले उठू नाई देल्लं. पोरगं वाचलं, पण ते भेव काई गेलं नाई."

त्याने मान खाली घातली. "येते बाई. कवाबी उठा."

पुढच्या सभेत ग्रामसेवक वामनरावांनी डोकी मोजली. बरोबर शंभर! पुलाचा विषय निघाला आणि गुणाबाई उठून उभी राहिली.

"थांबवा तिले," वामनराव कुजबुजले, "कोरम तुटते."

सगळं गाव कोलूकडे बघत होतं. मीसुद्धा. पुलासाठी तीन महिने तालुक्याला खेटे घातले होते त्याने.

"जा बाई," तो म्हणाला. "सभा तहकूब."

त्या दिवशी तो जेवला नाही. मला मात्र त्याची इतकी माया आली, की जंगलातसुद्धा कधी आली नव्हती.

पंधरा दिवसांनी पुन्हा सभा बोलावली, तर आवारात पाय ठेवायला जागा नाही. गुणाबाई सगळ्यांत पुढे मांडी घालून बसलेली. पुलाचा विषय काढण्याआधी कोलू थांबला.

"बाई, जाचं असन त जा."

"जाता येते ना आता," ती म्हणाली. "मंग काहाले जाऊ?"