वांग्याच्या विहिरीतला देव

कापसाचा भाव चढला आन् आमच्या खुशालराव पाटलाचं डोकंच फिरलं. होती नव्हती तेवढी जमीन त्यानं कापसाखाली घातली. मंग नजर गेली माह्या वांग्याच्या वाडीवर. मी मैनाबाई, माळीण. सासऱ्यापासून वाडीतल्या विहिरीवर आमचं पोट. म्या सांगून टाकलं, मेली तरी वाडी देनार नाही.

आठ दिवसांत माह्या विहिरीतून देव निघाला! हिरवागार, शेवाळलेला गोटा. आमच्याकडचा रिवाज असा, की देव जिथं पाय ठेवीन ते वावर देवाचं. पाटील म्हने, "वाडी आता देवाची. वहिवाट मी पाहीन, देवाच्या नावानं कापूस पेरीन." लोकं माहे वांगे तुडवत नारळ फोडाले आले. माह्या जिवाची नुसती आग झाली.

तेवढ्यात अकोल्याहून कापूस तपासनारा साहेब आला. त्याच्यापाशी पितळेची, भिंगाची नळी होती. पन कापूस राहिला बाजूले, हा खुळा जिथं तिथं शेवाळ खरवडे. म्या त्याले बांधावर बसवून वांग्याची तिखटजाळ भाजी खाऊ घातली. बिचाऱ्याच्या नाकाडोळ्यातून पानी आलं. मंग म्या दोन चिमट्या शेवाळ पुढं ठेवलं, एक देवाच्या अंगावरचं, एक विहिरीच्या दगडावरचं. "बापा, या दोघाइची काही सोयरीक हाय का, पाहून सांग."

सारं गाव जमा झालं. साहेबानं सगळ्यायले नळीतून पाहू देल्लं. माय वं! शेवाळाचं तिळाहून बारीक पान, आन् दिसे केळीच्या पानाएवढं! विहिरीतल्या पानाले मधोमध शीर होती. देवाच्या पानाले शीरच नव्हती.

"हे विहिरीचं नाही," साहेब म्हने. "असं मोर्णा नदीत हाय, म्या कालच काढलं."

पाटील डगमगला नाही. "मंग तं मोठाच चमत्कार! देव नदीपासून चालत आला!"

लोकायनं पुन्हा हात जोडले. माह्या पायाखालची जमीन सरकली. वाडी गेली, असंच वाटलं. मंग म्या पदर खोचला.

"पाटील, नदीपासून इथलोक सारं वावर तुमचं. देव त्यातूनच चालत आला ना? मंग ते सारं देवाचं. उभ्या कापसासकट. वहिवाट गाव पाहीन."

गावाच्या तोंडाले पानी सुटलं. नत्थुजी गुरव तं लगेच वावराकडं निघाला.

पाटलाचं तोंड पाहासारखं झालं होतं. त्यानं गोटा सोताच्या डोक्यावर उचलला आन् धोतर सावरत मोर्णेकडं पळत सुटला. म्या बांधावरून वरडली, "काहून हो पाटील, आता चालत नाही जात का तो?"