बियाचा भोपळा

दैवशाला दर मे महिन्यात पोरांना घेऊन संभाजीनगरहून हसनाबादला माहेरी यायची, ती काही आंब्यांसाठी नाही. आंबे तिकडेही मिळतात, आणि भाव करण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. ती यायची मळ्यातल्या विहिरीसाठी. ऐन उन्हाळ्यातही त्या विहिरीला दोन पुरुष पाणी असायचं, आणि तिच्या लहानपणी दुपार झाली की गल्लीतली सगळी पोरं तिथं म्हशींसारखी पडलेली असायची.

तिच्या वडिलांनी, राधाकिसन आबांनी, निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं. त्यांची रीत ठरलेली. वेलावर एक भोपळा चांगला जून होऊ द्यायचा, वाळवायचा, आणि उन्हाळ्यात पोराच्या पाठीला बांधून पोराला विहिरीत ढकलायचं. पोराच्या कमरेला दोर, दोराचं टोक आबांकडे. ढकलताना दयामाया नाही. दैवशालेलाही असंच ढकललं होतं. "पोरीच्या जातीला कशाला?" म्हणणाऱ्या चुलत्याला त्यांनी तिथंच सुनावलं होतं, "पोरगा हाये का पोरगी, हे बघून बुडवती का इहीर?"

पाठीवर भोपळा, आत खुळखुळणाऱ्या बिया, नाकातोंडात पाणी, आणि वर काठावर आबा उभे. एवढं सुख पुढे तिला कशातच मिळालं नाही. संसार वाईट नव्हता, पण त्यात तो खुळखुळाट नव्हता.

यंदा तिच्या आकांक्षाची पाळी होती. ही पोरगी आजवर पायरीवर बसून पाय बडवण्यापलीकडे गेली नव्हती, आणि पुढच्या साली दहावी, म्हणजे उन्हाळाभर क्लास. जे व्हायचं ते याच मे महिन्यात. आबांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "पोरीसाठी भोपळा ठिवलाय. एक नंबर वाळलाय."

मंडळी आली तसे आबा गुडघे धरत उठले, आतल्या खोलीत गेले आणि रिकाम्या खुंटीकडे बघत उभे राहिले.

"रेणू, भोपळा कुठंय?"

रेणू म्हणजे दैवशालेच्या धाकट्या भावाची, गोरक्षनाथची बायको. हिवाळ्यात लग्न होऊन आलेली, परतूरला स्टेशनजवळ वाढलेली. विहीर तिनं वाकून बघितली असेल तेवढीच. ती हौसेनं राख लावलेल्या बियांचा डबा घेऊन आली.

"बियाचाच व्हता ना, आबा? फोडला मी परवा. मिरगाच्या आदी बी काढून ठिवावं म्हन्लं. लई भारी निघालंय."

आता तिचं काय चुकलं? खुंटीला टांगलेला वाळका भोपळा दुसऱ्या कुठल्याही घरात बियाचाच असतो. सासूबाई हयात असत्या तर त्यांनी सांगून ठेवलं असतं. बाकी कुणाच्या ते डोक्यातच आलं नाही, कारण या घरात ते सगळ्यांना जन्मापासून ठाऊक.

आबा ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. रेणूचा चेहरा एवढासा झाला.

"मला कुणी सांगितलंच न्हाई, ताई," ती दैवशालेला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

दैवशालेच्या धाकट्याला, बबलूला, मात्र आयती संधी सापडली. "मग वॉटर पार्कला चला! तिथं घसरगुंड्या आहेत."

"जावा मंग," आबा भिंतीलाच म्हणाले. "गुडघाभर पाण्यात बसून या."

गोरक्षनाथ तेलाचा रिकामा कॅन घेऊन आला. "ह्यो बांधू, आबा. बराबर तरंगतो."

"अन् झाकण निघालं तं?"

"ट्यूब आणतो."

"पंक्चर झाली तं? भोपळ्यानं कदी दगा दिला न्हाई. आन् दिला आस्ता, तं मी उडी घेत होतो. आता ह्या गुडघ्यावर कोन उडी घिनार?"

गोरक्षनाथनं कॅन खाली ठेवला. दैवशाला आबांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, आबा नुसते काठावर उभे असायचे.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तिनं जुना पंजाबी ड्रेस चढवला आणि ओसरीवर आली. "आबा, दोर घ्या. चला."

"भोपळा?"

"मी हाये ना."

लग्नानंतर ती विहिरीत उतरली नव्हती. काठावर तिनं ओढणी कमरेला घट्ट बांधली. मग तिनं डोळे मिटून असा मुटका मारला की काठावरचा बबलू भिजला आणि वॉटर पार्क विसरला. आबा दोर बांधून आकांक्षाला सोडत होते. दैवशालेनं लेकीच्या पोटाखाली हात धरला. पोरगी किंचाळली, पाणी प्याली, आईच्या गळ्याला मिठी मारून बसली, पुन्हा सुटली. वरून आबांचा गडगडाट चालू, "पाय हाण! मान वर! जल्दी, जल्दी!"

मग ते ओरडले, "दैवा, हात काढ."

हात निघेना. दुसऱ्याच्या पोराबाबत दयामाया नको म्हणणं सोपं असतं. तिनं वर पाहिलं. दोराचं दुसरं टोक आबांच्या हातात नव्हतंच. ते त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, घट्ट. पोर बुडालं तर बाप वर राहायचा नाही, अशी ती गाठ होती. लहानपणी खालून तिला फक्त त्यांचा आवाज कळायचा.

तिनं हात काढला. आकांक्षा एक गचका खाली गेली, वर आली आणि वेडेवाकडे हातपाय मारत पायरीपर्यंत पोचली.

"आली ना!" आबा एकदम लहान पोरासारखे ओरडले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. टॉवेल घेऊन उभी असलेली रेणूही रडत होती, पण पाण्यावरून तिची नजर हलत नव्हती.

अंधार पडायच्या आधी आबा विहिरीच्या पाटाकडेला आळी करायला बसले. रेणूनं बियांचा डबा भीतभीत पुढं केला. त्यांनी एका आळ्यात बी टोचलं, मग दुसऱ्यात.

"दोन कशाला, आबा? भाजीला एक येल बास हाये."

"भाजीला कुठं? एकाचा भोपळा बबलूला."

"आन् दुसऱ्याचा?"

आबांनी मातीचे हात झटकले. "तुला येतं का पव्हायला?"

रेणूनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग?" आबा म्हणाले. "तेवढा फोडू नको, म्हंजी झालं."