फुग्यांचं खमीर आणि बीअरचं खमीर

डोरोथी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळ रुसैलच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात शीतखोलीच्या आत मशीन दुरुस्त करत होतो. पंख्यांच्या आवाजात तिथे बाहेरचं बोलणं ऐकू येत नाही. ऑफिसातला क्लार्क दार बडवत होता आणि मी आतून ओरडत होतो, "उघडंच आहे, ढकल!" शेवटी तो आत आला आणि कुडकुडत म्हणाला, "वसईहून ग्लेन म्हणून कोणाचा फोन आहे. डोरोथी एक्सपायर झाली म्हणतोय."

मी विचारलं, "कोणती डोरोथी?"

आमच्या वसईत डोरोथी काही कमी नाहीत. माझी एक मावशीच डोरोथी आहे, नव्वदीला आलेली. ऑफिसपर्यंत चालत जाताना मी मावशीसाठी प्रार्थनाही सुरू केली होती. फोन कानाला लावला तर माझा मेहुणा ग्लेन हुंदके देत होता. तेव्हा कळलं, की माझी डोरोथी. भावाकडे सुट्टीला गेली होती. जेवली, हात धुवायला उठली आणि खलास.

मावशी अजून ठणठणीत आहे.

मी गेलो, तिला पुरलं आणि मस्कतला वादी कबीरच्या फ्लॅटवर परत आलो. हे गेल्या वर्षीचं, १९९७चं. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि दोन फ्रिज. एक जेवणाचा आणि दुसरा डोरोथीचा. तो मी भंगारातून आणून दुरुस्त केला होता आणि त्याला असा थर्मोस्टॅट बसवला होता, की म्हणाल त्या अंशावर तो थांबेल. त्यात ती बीअर करायची.

घरी बीअर करायला इथे परवानगी नाही. त्यामुळे आम्ही ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती आणि सगळ्या बिल्डिंगला ती माहीत होती.

तिला हा नाद लावला तिच्या हॉटेलातल्या एका चेक शेफने. ती तिथे लिनन, म्हणजे चादरी-टॉवेल, सांभाळायची. त्याच्या गावाकडे म्हणे सोनेरी, कडवट, काचेसारखी स्वच्छ बीअर करतात. ती थंडीतच होते. तिचं खमीरही वेगळं. आपलं पावाचं खमीर उबेत नाचतं, हे थंडीत तळाशी बसून हळूहळू काम करतं. डोरोथीने आधी एकदा पावाच्या खमिरावर बीअर करून पाहिली होती, तिला केळ्यांचा वास आला. विल्सन, आमचा चर्चमधला मित्र, ती प्यायला आणि म्हणाला, "डोरोथी, शिकरण मस्त झालंय." तेव्हापासून ती हट्टाला पेटली. शेफ कायमचा घरी जाताना तिला मोड आणून वाळवलेल्या जवाची दोन पोती, हॉप्सच्या कडू फुलांची पाकिटं आणि त्या थंड खमिराची एक बाटली देऊन गेला. एका पोत्याची बीअर तिने केली. ती पिऊन ती गप्प बसली होती. एरवी ती गप्प बसत नसे. तळाशी उरलेला गाळ तिने पुढच्या खेपेसाठी बरणीत जपून ठेवला. दुसरं पोतं आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, जानेवारीत, असं ठरलं होतं.

ती बीअर मला करायची होती. तिच्या पद्धतीने आणि तिच्याच खमिरावर. पोतं एकच होतं, म्हणजे चुकायला जागा नव्हती.

तिचा फ्रिज उघडला. आत लोणच्याच्या दोन बरण्या. सारख्याच उंचीच्या, सारख्याच झाकणाच्या. दोन्हींत वर गढूळ पाणी, खाली मातकट गाळ. कशावर काही लिहिलेलं नाही, कारण तिला ठाऊक होतं. एकीत बीअरचं खमीर होतं. दुसरीत फुग्यांचं.

फुगे म्हणजे आमचे वसईचे गोल, तळलेले, आतून पोकळ पाव. गावाकडे पीठ फुगवायला ताडी घालतात. मस्कतला ताडी कुठली? म्हणून डोरोथी साखरपाणी घालून पावाचं खमीर जिवंत ठेवायची आणि प्रत्येक सणाला फुगे तळायची.

वास घेऊन मला कळणं शक्य नव्हतं. अमोनियाच्या मशिनींनी माझं नाक कधीच निकामी केलं आहे. चाखण्याचा प्रश्नच नव्हता. लिव्हरमुळे डॉक्टरांनी माझी बंद केली, तेव्हा डोरोथीने क्रुसावर हात ठेवायला लावून वचन घेतलं होतं, की थेंबसुद्धा नाही. बीअरचा गाळ थेंबात धरायचा की नाही हे विचारायला आता ती नव्हती.

म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या जाफरभाईंना बोलावलं. ते रत्नागिरीचे. त्यांची रुवीला बेकरी आहे आणि खमिराबाबत ते कोणाचं ऐकत नाहीत. ते आले, बरण्यांपासून चार हात लांब खुर्ची ओढून बसले.

मी म्हणालो, "जाफरभाई, जरा वास घेऊन सांगा."

"कशाचा?"

"दोन्हींचा."

"अरे वा! आणि ती बीअर निघाली तर? आधी तू सांग बीअरचं कुठलं. मग मी दुसरीचा वास घेतो आणि ते पावाचं आहे की नाही ते सांगतो."

"ते मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"ते तुझं तू बघ. मी नियमाने चालणारा माणूस आहे."

त्यांची बायको, कुलसुमभाभी, दारात बिर्याणीचं पातेलं घेऊन उभी होती. डोरोथी गेल्यापासून रोज माझ्यासाठी काहीतरी यायचं. ती म्हणाली, "नियमाने चालणारा माणूस तासभर बीअरसमोर बसलाय."

"मी खमिरासमोर बसलोय," जाफरभाई म्हणाले. मग त्यांनी न्याय दिला. "दोन्ही बरण्यांत साखर घाल आणि गच्चीत उन्हात ठेव. जे जोरात उसळेल ते परदेशी. साहेब लोकांचा माल ताकदीचा असतो."

आम्ही तसं केलं. पहिली बरणी अशी उसळली, की झाकण उडून कुलसुमभाभीच्या वाळत घातलेल्या चादरीवर बसलं आणि मागोमाग फेस. दुसरी नुसती दोन-चार बुडबुडे सोडून बसली.

"बघ," जाफरभाई म्हणाले, "पहिली बीअरची. खलास."

"माझी चादर?" जिन्यातून कुलसुमभाभीचा आवाज आला.

"चादरीला काही होत नाही, खमीर आहे ते!"

"आत्ता म्हणालात ना, बीअरचं आहे?"

जाफरभाई चादरीवरचं झाकण उचलायला गेले. पण माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की पहिली बीअरची आणि दुसरी फुग्यांची. चाळीस वर्षं पाव भाजणारा माणूस सांगतो म्हटल्यावर मी कशाला वाद घालू?

त्या आठवड्यात डोरोथीच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे तिच्यासाठी चर्चमधली प्रार्थना होती. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साही शुक्रवारी. गुरुवारी मी पोतं फोडलं, जव मिक्सरवर भरडले, तिने शिकवल्याप्रमाणे गरम पाण्यात मुरवले, गाळून घेतले आणि हॉप्स टाकून उकळले. तो काढा पिपात भरून झाकून तिच्या फ्रिजमध्ये नऊ अंशांवर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी त्यात पहिली बरणी ओतायची होती.

मिस्सेनंतर लोकांना फुगे द्यायचे ठरवलं होतं. दुसरी बरणी मी पूर्ण पिठात ओतली आणि साखरपाण्याने खळबळून तेही ओतलं. पीठ रात्रभर ठेवलं. सकाळी ते माझ्यासारखंच होतं, जसं झोपलं तसंच उठलं. जाफरभाईंनी येऊन बोट खुपसलं आणि मान हलवली.

"तुला मळता येत नाही. अर्धं मला दे. दुपारी दाखवतो पीठ कसं उठवतात ते."

अर्धं ते घेऊन गेले. उरलेल्या अर्ध्याचे मी फुगे तळले. फुगणं हा त्यांच्या नावातला भाग त्यांना कोणी सांगितला नव्हता. चर्चच्या हॉलमध्ये लोकांनी ते घेतले, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि खिशात घातले. दुःखाच्या प्रसंगी आमचे लोक फार सभ्य वागतात. विल्सन एकटाच खरं बोलला.

"वॉल्टर, हे फुगे आहेत की बेअरिंग? माझी दाढेवरची कॅप निघाली असती."

"पीठ नीट उठलं नाही रे."

"आणि कडू का आहेत?"

"कडू?"

"कडू म्हणजे कडूच. शिळ्या बीअरसारखे. माझं वाईट मानू नकोस, तरी मी तीन खाल्ले."

मी तिथेच उभा राहिलो. फुग्यांच्या खमिरात कडू काय असणार? कडू असतात ती हॉप्सची फुलं आणि हॉप्स फक्त बीअरच्या गाळात. म्हणजे दुसरी बरणी बीअरची होती. उन्हात ती उसळली नाही, कारण ती मुळात थंडीतली आणि महिना उपाशी होती. डोरोथीचं सगळं खमीर मी गरम तेलात तळलं होतं आणि शंभर लोकांच्या खिशात वाटलं होतं.

बरणी मी सकाळी उकळत्या पाण्याने धुतली होती. स्वच्छता मला डोरोथीने लावली.

मग आठवलं, अर्धं पीठ जाफरभाईंकडे आहे.

काळा कोट, टाय, तसाच टॅक्सीत बसलो. "यल्ला, यल्ला, चल लवकर," म्हणत ड्रायव्हरचं डोकं खाल्लं. जिने चढताना वर तव्याचा वास असावा, पण मला कसा कळणार? दार उघडंच होतं. पीठ त्यांनाही उठवता आलं नसावं, म्हणून जाफरभाई लाटणं घेऊन उभे, तवा तापलेला, कुलसुमभाभी ताट घेऊन बाजूला.

"जाफरभाई! भाजू नका! ती डोरोथी आहे!"

कुलसुमभाभीने ताट खाली ठेवलं, मला खुर्ची दिली आणि पाणी आणलं. माणूस दुःखात असं बोलतो, असं तिला वाटलं असणार. मी पाणी पिऊन सगळं सांगितलं.

जाफरभाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे हे बीअरचं खमीर आहे? आणि मी सकाळपासून यात कोपरापर्यंत?"

"अहो, हात धुवा," कुलसुमभाभी म्हणाली.

"दोन रोट्या भाजल्या मी!"

"खाल्ल्या का?"

"नाही."

"मग कशाला ओरडता? वॉल्टरभाई, घेऊन जा तुमचं. आणि पुढच्या वेळी यांना विचारू नका. यांना चादर आणि बीअर यांतला फरकसुद्धा कळत नाही."

पिठाचा उरलेला गोळा मी रुमालात बांधून खाली आणला. या वेळी कोणाचा सल्ला घेतला नाही. मी आयुष्यभर थंडीचंच काम केलं आहे, ते आधीच आठवायला हवं होतं. दोन ग्लासांत थोडा थोडा काढा घेतला. एकात पहिल्या बरणीतलं चमचाभर खमीर, दुसऱ्यात गोळ्यातला लिंबाएवढा तुकडा कुस्करून. दोन्ही नऊ अंशांत ठेवले. पिपातला काढा नासू नये म्हणून पुन्हा उकळून ठेवला.

पहिल्या ग्लासातलं खमीर थंडीत जे झोपलं ते झोपलंच. दुसऱ्यात काही दिवसांनी पिठाच्या गाळातून एक बुडबुडा वर आला. मग आणखी एक. मी फ्रिजचं दार उघडं ठेवून त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो. विजेचं काय व्हायचं ते होवो. कुलसुमभाभी भाजी द्यायला आली तेव्हा मी तसाच बसलेला. तिने आत डोकावून पाहिलं.

"जिवंत आहे?"

"आहे."

"मग दार लावा. बिचारं गारठ्यात राहणारं, उगाच ऊब लागायची."

खाली बसलेलं पीठ सोडून वरचं गढूळ पाणी, त्यातल्या खमिरासकट, निथळून घेतलं. ग्लासाचं बाटलीत वाढवलं, बाटलीचं पिपात घातलं. पीप हळूहळू बोलू लागलं. बुडबुड्यांच्या आवाजाला डोरोथी बोलणंच म्हणायची. तिने सांगितलं होतं तसं ते संपल्यावर थर्मोस्टॅट एक अंशावर आणला आणि आठवडेच्या आठवडे हात लावला नाही. जानेवारी आला. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होऊन गेला. परवा नळी घालून ग्लासभर काढून खिडकीसमोर धरली. सोनेरी आहे. पलीकडचा डोंगर दिसतो.

विल्सनने चाखली. केळ्याचा वास नाही म्हणाला. कडू आहे, पण या वेळी चांगली कडू. पिठाची चव लागते का, असं मी विचारलं, तर म्हणाला, ते ठरवायला आणखी एक ग्लास लागेल. जाफरभाई दारातूनच विचारतात, "ते, आपलं ते, झालं का?" आणि उत्तर ऐकायच्या आत वर जातात.

बाटल्या भरायला दोन माणसं लागतात. एकाने नळी धरायची, दुसऱ्याने बूच दाबायचं. नळी डोरोथी धरायची, बूच मी दाबायचो. जाफरभाई बीअरला हात लावणार नाहीत आणि विल्सनच्या हातात नळी देण्यात अर्थ नाही. रिकाम्या बाटल्या धुऊन ओट्यावर उलट्या ठेवल्या आहेत. बीअर अजून पिपातच आहे. बाटल्या भरायच्या राहिल्या आहेत.