पंडुमाआधीचा आंबा

सुकरी दिसायला बरी, बोलायला बरी, आणि मुख्य म्हणजे कुणालाही लगेच आवडायची. रंजीताच्या पोटात दुखायचं ते या तिसऱ्या गोष्टीने. पहिल्या दोन तिने कधीच माफ केल्या होत्या.

दोघी एकाच गावच्या. धानोऱ्याच्या पलीकडे बस जिथे वळून परत फिरते, तिथून आणखी आत, जंगलात ते गाव. शाळेत रंजीता पुढे आणि सुकरी तिचं बघून गणितं उतरवणार, असा पहिलीपासूनचा रिवाज. गडचिरोलीच्या कॉलेजातही त्या हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहिल्या. मग शेवटच्या वर्षाला उद्योजकता नावाचा विषय आला आणि सगळं बिनसलं.

तो शिकवायला संघप्रिया मॅडम होत्या. त्यांनी सांगून टाकलं, पाठांतर नको, धंदा उभा करून दाखवा. ज्याचं काम परीक्षकांना पटेल त्याला कॉलेजच्या उद्योग केंद्रातली खोली वर्षभर मिळणार, फळं वाळवायच्या यंत्रासकट. खोली एकच होती. रंजीताला ती हवीच होती, कारण नुसती डिग्री घेऊन घरी गेली तर लगेच लग्नाचं बोलणं निघणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोघींनी मिळून धंदा ठरवला. गावच्या जंगलातल्या कैऱ्या, त्यांच्या मीठ-हळद लावून वाळवलेल्या फोडी. तोडणार गावच्या बाया, विकणार या दोघी. सगळी आखणी रंजीताने केली. आणि वर्गात उभी राहून बोलली कोण? सुकरी! आंब्याखाली बसून बाया कशा एकमेकींची थट्टा करत फोडी करतात, असं काहीबाही तिने सांगितलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "सुकरी, धंदा करणाऱ्याची नजर आहे तुझ्याकडे." रंजीता शेजारीच तक्ता धरून उभी होती. तक्ता धरायला खुंटीही चालली असती.

त्या दिवसापासून तिला सुकरीचं हसणंसुद्धा खुपायला लागलं. शेवटी ती मॅडमकडे जाऊन स्वतःचा वेगळा गट मागून आली. माल तोच, गाव तेच, फक्त सुकरी वजा.

"काऊन व, माहं काई चुकलं काय?" सुकरीने विचारलं.

"नाई," रंजीता म्हणाली. चुकलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

परीक्षेची तारीख लागली. त्या दिवशी आपला माल परीक्षकांपुढे चाखायला मांडायचा होता, आणि नवीच अडचण उभी राहिली. गावात मरका पंडुम अजून व्हायचा होता. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. नवा आंबा आधी देवाला, मग माणसाला. पंडुम होईपर्यंत गावातलं कुणी कैरीला हात लावत नाही, मग ती पायाशी का पडेना.

"मी रिकामी ताटली ठेवीन," सुकरी म्हणाली, "अन् काऊन रिकामी हाय ते सांगीन. अजून काय?"

रिकामी ताटली! रंजीता मनातल्या मनात नाचली. रविवारी आईची आठवण येते म्हणून ती गावी गेली. भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना, शिवेवरच्या झाडाच्या कैऱ्या तोडून तिने पिशवी भरली. आपण खाल्ल्या कुठे, तोडल्याच तर आहेत, असं स्वतःला बजावलं. हुशार मुलीला स्वतःची समजूत घालायला कितीसा वेळ लागणार?

हॉस्टेलच्या गच्चीवर फोडी वाळत पडल्या. कपडे वाळत घालायला आलेली सुकरी दारातच थबकली. "रंजे," एवढंच म्हणाली आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन तशीच खाली गेली. ती ओरडली नाही, याचाही रंजीताला राग आला.

परीक्षकांनी फोडी चाखल्या, पुन्हा मागून घेतल्या. रिकाम्या ताटलीपुढे थांबून सुकरीचंही ऐकलं, माना डोलावल्या. पण तिथे चाखायला काही नव्हतं. खोलीची किल्ली रंजीताला मिळाली.

इथेच ती गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण जळणाऱ्या माणसाचं नुसतं जिंकून भागत नाही, समोरचा हरलेला चारचौघांना दिसावा लागतो. तिने फोटो काढून घेतला. हातात किल्ली, पुढ्यात भरलेली थाळी आणि कोपऱ्यात, मुद्दाम, सुकरीची रिकामी ताटली. तो फोटो तिने गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गावाने किल्ली पाहिली नाही की सुकरीची ताटली पाहिली नाही. गावाने फोडी पाहिल्या.

आईचा फोन आला. "कुठच्या आंब्याच्या हाय त्या? सांग मले." आई रडत होती. रंजीताला खोटं बोलता आलं नाही.

पंडुमाच्या दिवशी ती गावी पोचली तेव्हा बाया तिच्याशी बोलेनात. यांनी कैऱ्या तोडल्या नाहीत तर ती खोली आणि ते यंत्र काय चाटायचं? तिने धीर करून शेजारच्या बुधरीबाईंना विचारलं, "बाई, उद्यापासून आंबे तोडाले याल ना?"

"तुह्यासाठी नाई. सुकरीनं सांगितलं तर येऊ."

"सुकरीनं काऊन?"

"काऊन म्हंते! परवा सगळ्या गावापुढं उभी राह्यली ते. काम दोघीचं होतं, चूकबी दोघीची, म्हणे. दंडाची कोंबडी आपल्या घरची आणली. तुह्या वाटच्या शिव्याबी तिनंच खाल्ल्या."

रंजीताला हायसं वाटायला हवं होतं. तिला शरम वाटली, खूप वाटली. पण शरमेच्याही आधी तीच जुनी आग पोटात उठली. चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर!

पूजा आटोपली. भूमियाने, गावच्या पुजाऱ्याने, नव्या आंब्याचे तुकडे वाटले. सुकरी पानावर आपला तुकडा घेऊन आली, अर्धा मोडून पुढे धरला. "घे." रंजीताने तो खाल्ला. दात आंबले.

"खोली तुही, आंबे गावचे," सुकरी म्हणाली. "सोबत करशीन काय?"

रंजीताने ओढणीची गाठ सोडली आणि किल्ली सुकरीच्या हातावर ठेवली. ठेवता ठेवता तिने चटकन आजूबाजूला नजर टाकली, हे देताना आपल्याला कुणी पाहतंय का म्हणून. कुणीच पाहत नव्हतं. पंगतीतून बाया हाका मारत होत्या, सुकरीला.