पिशव्या भरलेल्या, तोंडं बंद

मी रक्तबिंबिका बोलतेय. प्लेटलेट म्हटलं तर चटकन ओळखाल. हाडाच्या पोकळीत एका भल्यामोठ्या पेशीचा तुकडा सुटला, तीच मी. आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं, तेही सगळं गोंधळात गेलं.

माझ्या पोटात बारीक पिशव्या आहेत. जखम दिसली की आतल्या धाग्यांनी आकसायचं, पिशव्या उघडायच्या आणि त्यातल्या रसानं बहिणींना बोलवायचं, हा आमचा धर्म. पण मी जिच्या अंगात आहे, त्या चिमणी नावाच्या पोरीच्या रक्तात हे जमतच नाही. जखमेला चिकटते, जोर लावते, पण धागे आकसत नाहीत आणि पिशव्या जागच्या हलत नाहीत. मीच वेंधळी की काय म्हणून बहिणींकडे पाहिलं, तर त्याही भांबावलेल्या.

म्हणून चिमणीला जरा दाबलं तरी निळा डाग उठतो. तिचे वडील सुतार, हात राकट. शाळेतल्या बाईंनी तिच्या दंडावर बोटांचे डाग पाहिले आणि आईला बाजूला घेतलं. पुढचं मी कानामागच्या शिरेतून ऐकलं.

"तुम्ही मारता का हो तिला?" आईनं घरी विचारलं.

"सायकलवरून पडत होती, धरलं फक्त."

दवाखान्यात आमची मोजदाद झाली. संख्या व्यवस्थित निघाली. म्हणजे रक्तात खोट नाही, मग बापाच्या हातातच असणार, असं आई धरून चालली. मी चक्रावले. अहो, डोकी मोजलीत, पोटात कुणी पाहिलं? तेव्हापासून वडील लेकीला हात लावेनात. रस्ता ओलांडतानाही हात खिशात. मला त्यांची फार कीव आली.

मग वर्गात, बाईंच्या देखतच, चिमणीचा घोळणा फुटला. कुणी शिवलंही नव्हतं, तरी नाकातून रक्त आलं आणि थांबेना. डॉक्टरीणबाईंनी या वेळी माझ्या काही बहिणींना सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिलं.

"संख्या ठीक आहे, बांधणी आतून चुकली आहे. जन्मापासूनच. हिला कुणी मारलेलं नाही," त्या म्हणाल्या.

आईनं चिमणीला उठवलं, तिघं निघाली. बाहेर रस्त्याच्या कडेला ती वडिलांना म्हणाली, "अहो, धरा ना तिचा हात."

"डाग उठेल."

"उठू दे."

त्यांनी धरला, जपून, तरी मनगटावर निळं उमटलंच. मी सवयीनं धावले. धागे हलले नाहीत. का, ते मला अजून कळत नाही आणि आता माझे दिवसही भरत आले. मोजणाऱ्यांनो, माझ्यामागून येणाऱ्या बहिणींच्या पोटात आधी डोकावा, मग कुणाच्या हाताकडे बोट दाखवा.

वर आई त्या डागावर फुंकर घालत होती. वडिलांनी हात सोडला नव्हता.