सशांच्या कानावरचं पाणी

माझ्या साडूने ससे पाळले आहेत, मांसासाठी. चाळीस पिंजरे, वर पत्रा, प्रत्येक पिंजऱ्यात पाण्याची एक नळी. नळीच्या टोकाला बारीक गोळी असते, ती जिभेने ढकलली की थेंब गळतो. सगळा माल एकाच गिऱ्हाइकाकडे जातो, कोपऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलच्या आचाऱ्याकडे. त्याने एके दिवशी सांगून टाकलं, "मालक, तुमचं मांस तव्यावर टाकलं की पाणी सोडतं. भाजायचं राहतं बाजूला, उकडतंच. महिन्याभरात सुधारलं नाही तर मी दुसरीकडे बघतो."

साडूची झोप उडाली. हे गिऱ्हाईक गेलं की पिंजरे भंगारात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सशांना दिवसातून दोनच तास पाणी दिलं तर मांस घट्ट होतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "घट्टचं मला माहीत नाही. पण पाणी कमी मिळालं की ससा खातोही कमी. वजन घटणार."

"घटू दे," साडू म्हणाला.

मेहुणी चोख बाई. "सगळेच तहानलेले ठेवलेत तर फरक कशाशी ताडून बघणार, कपाळाशी? निम्म्यांना दोन तास, निम्म्यांना दिवसभर." आणि ऊन-वारा सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून तिने पिंजरे एकाआड एक नेमले. एक तहानलेला, एक भरल्या घरचा, बुद्धिबळाच्या पटासारखे.

तीन आठवड्यांनी वजनं केली. दोन्हीकडचे ससे सारखे, गुंजभरही फरक नाही. साडूने काट्यावर साखरेचा पुडा ठेवून पाहिला. काटा बरोबर होता.

आचाऱ्याने दोन्हीकडचं मांस कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कापडं पिळली. "सारखंच निथळलं," तो म्हणाला. "मालक, तुम्ही सगळ्यांनाच पाणी पाजताय आणि मला बनवताय."

"आईशप्पथ नाही हो."

"मग मी बसून बघतो."

भर दुपारी खुर्ची टाकून तो बसला. शेजारी मी होतो, म्हणून हे सांगतोय. त्याने बंद नळ्या बोटाने चाचपल्या. कोरड्या ठणठणीत. अर्धा तास काहीच घडलं नाही. मग भरल्या घरच्या एका पांढऱ्या मादीने, न्हाव्यासमोर बसावं तशी मान तिरकी करून, डावा कान नळीखाली धरला आणि नाकाने गोळी दाबली. कान निथळायला लागला तसा तिने तो जाळीतून शेजाऱ्याकडे सरकवला. शेजाऱ्याने चाटून कोरडा केला. तिने उजवा दिला. बघतो तर रांगेभर हेच चाललेलं. एका म्हाताऱ्या नराचे कान आखूड होते, पोचेनात. त्याने शेपूट भिजवून दिलं. शेजाऱ्याने तेही चाटलं, तोंड वाकडं करून.

"भावोजी," मेहुणी हळूच म्हणाली, "हे बाहेर बोलू नका. तुमच्या तोंडून तर मुळीच नको, कुणाला खरं वाटायचं नाही."

आचाऱ्याने खुर्ची पिंजऱ्यांपासून मागे ओढली. मग म्हणाला, "म्हणजे पाणी तोडल्याने मांस सुधारतं की नाही, हे आपल्याला कळलंच नाही."

"नाहीच कळलं," मेहुणी म्हणाली.

"बरं, ससा कापल्यावर पुढे काय करता?"

"धुतो," साडू ताठ होत म्हणाला. "बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवतो, मग पिशवीत भरतो. कधी दोन तास. स्वच्छतेत आपली तडजोड नाही."

आचाऱ्याने मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीने नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"तू विचारलंस कधी?"

त्या दिवसापासून सगळ्या नळ्या दिवसभर उघड्या राहिल्या. कापलेले ससे नुसते धुऊन थंड खोलीत टांगायचे आणि निथळले की भरायचे, असं ठरलं. महिना संपायला दोन दिवस असताना मेहुणीने स्वतः माल नेला आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. मांस तव्यावर पडलं, चर्र झालं, कडा तांबूस झाल्या, तवा कोरडाच. आचाऱ्याने झारा खाली ठेवला आणि पुढच्या आठवड्याची मागणी लिहून दिली. नेहमीपेक्षा सहा ससे जास्त.

घरी साडूने तो कागद दोनदा वाचला. "बघितलंत? तहानेचा गुण. मी म्हणतच होतो."

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "यांना जरा चहाला घेऊन जा. मला कामं आहेत."