विजेची किटली गॅसवर

“अहो सर, काय करताय हे!” मी धावत जाऊन आधी गॅस बंद केला. विजेची प्लास्टिकची किटली शेगडीवर बसून खालून वितळत होती. घरभर काळा धूर. ॲक्रॉइड सर शेजारी दोन कप मांडून उभे होते.

“चहा टाकतोय, बर्नी. तू आलीस ना!”

आमच्या इंग्लंडातल्या यॉर्कशायरात दारात आलेल्याला आधी चहा, मग बोलणं. सरांचं निम्मं आयुष्य गॅसवरच्या पत्र्याच्या किटलीसोबत गेलं. आता विस्मरणाच्या आजारात हात आपोआप तिकडेच वळतात. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं हवं-नको बघणं हे माझं काम, त्यामुळे अशा किटल्या मी याआधीही खरवडून काढल्यात. पण हे सर होते. यांनी मला शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं.

मी शेगडी घासायला घेतली. सर खुर्चीत बसून एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाले, “सांग, किटलीला दिलेली ऊर्जा जाते कुठे?”

“पाण्यात, सर. पाणी तापतं.”

“आणि?”

“आणि काय?”

“थोडी किटली तापवण्यात, थोडी खोलीतल्या हवेत. नाहीशी होत नाही, पोरी, फक्त पांगते. शाळेतही अर्धंच उत्तर द्यायचीस!”

मला त्यांचा रागच आला. एवढं सगळं तोंडपाठ, मग किटली कुठली ते तेवढं कसं आठवत नाही माणसाला? त्यांच्या लेकीनं, हिलरीनं, आधीच बजावलं होतं: पुन्हा असं काही झालं तर बाबा वृद्धाश्रमात. गप्प बसावं असं फार वाटलं. पण उद्या घर पेटलं तर? शेवटी फोन केलाच.

“तू तिथे असताना हे झालं?” हिलरी म्हणाली.

“मी आले तेव्हा किटली वितळायला लागली होती, बाई.”

ती रडायला लागली. मी तरी काय करणार? मीही रडले.

पुढच्याच आठवड्यात सरांना वृद्धाश्रमात हलवलं. मी भेटायला गेले, तर ते दिवाणखान्यात शर्टाची वरची गुंडी लावून ताठ बसलेले. मला बघताच उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. दाराला कुलूप होतं.

“विल्फ, तिकडे कुठे?” तिथे कामाला असलेली मुलगी म्हणाली. साऱ्या गावाचे सर, आणि ही त्यांना नुसत्या नावानं विल्फ म्हणत होती. “चहा दुपारी मिळेल. बसा बघू गुपचूप.”

सर कुलपाकडे बघत उभे राहिले. मग परत आले, माझ्यासमोर बसले आणि यजमानाच्या संकोचानं म्हणाले, “माफ कर हं, बर्नी. चहा विचारला असता, पण घरातलं दूध संपलंय.”

“असू दे, सर,” मी म्हणाले. “मी आत्ताच पिऊन आलेय.”